हलकी गोळी, जड जनावर

रोइडाइन, ९ मे १९८३

ती. वेसलमामा यांस,
हेस्त्रीचा सा. न. वि. वि.

तुमची रायफल सुखरूप पोचली. आईने पेटी उघडू दिली नाही, आधी प्रार्थना केली. तिच्या मते तिच्या भावाने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी न मागता दिलंय, तेव्हा देवाचे आभार मानलेच पाहिजेत.

मामा, खरंच किती उपकार झाले. घोड्यावरून पडल्यापासून उजवा खांदा नीट बसलेलाच नाही. बाबांची मोठी रायफल एकदा झाडली आणि दोन दिवस मला वेणी घालता आली नाही. तुमची ही दोनशे त्रेचाळीस बोअरची हलकी रायफल मात्र खांद्याला नुसती थोपटते. परवा टेकाडाच्या पलीकडे एक स्प्रिंगबॉक हरीण टिपलं, जागच्या जागी पडलं. कोकरांमागे लागलेला कोल्हाही गेला.

आता विचारायचं ते हे. शेजारच्या लुकासकडेही अशीच रायफल आहे. तो म्हणतो, गोळी लागली की जनावर मरतं, लहान-मोठी असं काही नसतं. ते भाल्यासारख्या शिंगांचे थोराड गेम्सबॉकसुद्धा तो असल्याच रायफलने मारणार आहे. जूनमध्ये त्याच्या मुलीचं लग्न आहे, मांस पुष्कळ लागेल. आमच्या कुरणातही गेम्सबॉक येतात. मीही मारू का?

समुद्राची हवा मानवतेय ना? आई म्हणते, मासे खाऊन तिकडेच रमू नका.

तुमची,
हेस्त्री


पोर्ट नॉलोथ, २० मे

चि. हेस्त्रीस,
अ. आ.

पत्र सुनेने वाचून दाखवलं. माझे डोळे आता समुद्र आणि आकाश वेगळं करत नाहीत, म्हणून तर रायफल तुझ्याकडे. आभार कसले मानतेस? भिंतीवर गंजली असती.

मारू नकोस. स्प्रिंगबॉक, त्याहून लहान स्टीनबॉक, कोल्हा, एवढ्यांसाठी ती अगदी योग्य आहे. गोळी हलकी आणि वेगवान. पातळ कातडीच्या जनावराच्या फऱ्यामागे, म्हणजे पुढच्या पायाच्या खांद्यामागे लागली की आत शिरून काम संपवते. गेम्सबॉकचं अंग निराळं. मान जाड, कातडं जाड, आणि काळीज पुढे, खाली, फऱ्याच्या हाडाआड. ती गोळी त्या हाडावर फुटते. जनावर पडत नाही, चालत राहतं, आणि मग त्याचे जे हाल होतात ते तू बघू नयेस. बैलाएवढ्या इलँडचं तर नावच काढू नकोस.

तुझा खांदा दुखतो हे खरं. पण त्याची भरपाई त्या मुक्या जनावराने का करावी? मोठ्या जनावराचं मांस हवं असेल तर मोठी रायफल असलेल्या कुणाला तरी बोलाव.

लुकासलाही सांग. ऐकणार नाही, त्याचा बापही ऐकत नसे. तरी सांग.

आईला म्हणावं, मासे तिच्या रश्श्यापेक्षा बरे आहेत.

तुझा,
वेसलमामा


रोइडाइन, १८ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

लुकासला तुमचा निरोप सांगितला होता. तो हसला. म्हणाला, म्हाताऱ्यांना सगळी जनावरं हत्तीएवढी दिसतात. गेल्या मंगळवारी संध्याकाळी त्याने गाडीतूनच एका गेम्सबॉकवर गोळी झाडली. फऱ्यावर लागली. जनावर कुंपण मोडून आमच्या कुरणात शिरलं आणि अंधार पडला.

सकाळी तो आमच्या दारात आला. आता हसत नव्हता. म्हणाला, जाऊ दे, रात्रीत मेलं असेल. मी म्हटलं, नसेल मेलं तर? मग दोघेही रायफली घेऊन निघालो. वाळूवर एक पाय फरफटल्याचा माग होता, रक्त थोडंच. ऊन चढल्यावर एका बाभळीपाशी लुकास पुढे झाला. ते झाडाला पाठ लावून उभं होतं. लुकासला रायफल उचलायलाही वेळ मिळाला नाही, शिंग मांडीतून आरपार गेलं.

ते पुन्हा शिंगं रोखायला मान खाली घालत होतं. मी बाजूला होते, अगदी जवळ. अंगावर कुठेही मारून उपयोग नव्हता, हे तुमच्यामुळे ठाऊक होतं. कानामागे गोळी मारली. ते गुडघ्यांवर आलं आणि आडवं झालं. बाबांची जड रायफल असती तर या खांद्याने ती वेळेवर उचलली नसती. म्हणजे नको म्हणालात तेही कामी आलं आणि दिलीत ती रायफलही.

पट्ट्याने मांडी आवळली आणि त्याला गाडीत घालून उपिंग्टनच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणतात, पाय राहील. वाटेत तो एकसारखी त्या जनावराची माफी मागत होता. मी गाडी चालवत होते म्हणून बरं, नाहीतर रडले असते.

तुमची,
हेस्त्री


उपिंग्टन, २ जुलै

रा. रा. वेसलकाकांस,
लुकासचा स. न. वि. वि.

मी आपल्याला कधी पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. आपणही वाट पाहिली नसेल.

लग्न परवा पार पडलं. डॉक्टरांनी एका दिवसाची सुट्टी दिली. मुलीला चर्चच्या वेदीपर्यंत मीच नेलं, म्हणजे तिनेच मला नेलं, चाकाच्या खुर्चीवर. मांस कमी पडलं नाही. हेस्त्रीने आपल्या रायफलने स्प्रिंगबॉक मारून आणले, तेही न मागता. मांस कुणी आणलं, ते पाहुण्यांना कळलंही नसतं. पण तिच्या आईला ठाऊक होतं, तिने सगळ्यांना सांगितलं.

काका, इथे झोप येत नाही. मांडी ठणकते, कूस बदलता येत नाही. पहिल्या रात्री सारखं मनात येत होतं, की आदल्या रात्री तेही असंच वाळूत पडलं असेल. मला निदान परिचारिका पाणी देत होत्या. त्याने मला मारलं याचा राग येत नाही. हेस्त्री माग सोडायला तयार झाली नाही, त्याचे मात्र आभार मानावे तेवढे थोडे. मी घरी परतलो असतो तर पाय धड राहिला असता आणि ते अजून कुठेतरी तळमळत उभं असतं.

मी बरा झालो की एकदा इकडे या. डोळ्यांचं काही नाही, मी तुमचा हात धरतो. माझा पाय तुम्ही सावरा.

माया हेस्त्रीवर आहेच. उरलीसुरली या लंगड्याच्या वाट्याला येऊ द्या.

आपला,
लुकास