आईच्या मणक्याचा नवा फोटो

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्याचा दुरूनच दंडवत.

इकडे सर्व क्षेम आहे. अस्मादिक क्ष-किरणकक्षाचे अधिपती असल्याने दिवसभर परक्यांचे कणे न्याहाळतात आणि स्वतःचा खुर्चीत वाकवून ठेवतात.

तू पाठवलेला आईच्या पाठीचा एक्स-रे पाहिला. संगणकावर उजळण्याचे सर्व उपचार केले. बरगड्या तेजःपुंज झाल्या, मणका मात्र अज्ञातवासातच राहिला. तो खचला आहे की ती नुसती सावली आहे, हे मला सांगता येत नाही, ताई. आणि एवढ्या आधारावर डॉक्टर शुक्रवारी शस्त्र चालवणार?

हात जोडतो, कुशीवरचा फोटो पुन्हा काढून घे. तिथल्या तंत्रज्ञाने तिला श्वास रोखायला लावला असणार. रोखू नये. अंग निश्चल ठेवून तिने संथ श्वास घेत राहावे आणि त्याने किरण जरा जास्त वेळ सोडावेत. हलत्या बरगड्या पुसट होतात, स्थिर मणका स्पष्ट उमटतो. तो म्हणेल, "आम्हाला शिकवू नका." त्याच्याशी भांड, पाया पड, पण ऐकायला लाव.

तिचे पाय अजून बधिर आहेत का? तू जेवतेस ना?

"अगं, किती वेळ घेऊ श्वास?" असे ती विचारीलच. तिला म्हणावं, मी येईपर्यंत तरी घेत राहा.

तुझा निरुपाय बंधू