नमुना घेऊन या

प्रिय ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरलाय, त्यामुळे आठांपैकी दोन-तीन अंगं मनातल्या मनात टेकवली आहेत असं समज.) इकडे सगळे खुशाल. तुझी पाठ काय म्हणतेय? जड काही उचलत जाऊ नकोस. अर्थात तू ऐकणार नाहीस, कारण ऐकायची पद्धत आपल्या घरात नाही. फोन का केला नाही असं विचारशील. फोनवर मी दोन वाक्यं बोलतो न बोलतो तोच तू हसायला लागतेस आणि मुद्दा राहतो बाजूला. पत्रात माणसाला नीट अभिमानाने बोलता येतं. आणि मी सध्या भलताच अभिमानात आहे, कारण आपली कर्कशा पुन्हा उभी राहते आहे.

हो, तीच. नानांची पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत. (तुझ्या सुनेला हे पत्र वाचून दाखवशील तेव्हा तिला सांग की कर्कशा हे आमच्या आईचं नाव नव्हे. मशीनचं हे नाव नानांनी तिच्या आवाजावरून ठेवलं. पण नाना अंगणातून "आज कर्कशा काही केल्या सुरू होत नाही" असं ओरडले की स्वयंपाकघरातून आई "होईन हं आता, थांबा जरा" असं म्हणायची, आणि मग दोन दिवस घरात फक्त भांडी बोलायची.) नानांच्या माघारी वाटणी झाली तेव्हा तू म्हणालीस, मला काही नको, कर्कशाचं वरचं झाकण तेवढं आठवण म्हणून दे. मी ताबडतोब दिलं. मन मोठं लागतं त्याला. (झाकणाला तडा गेलेला होता हा भाग वेगळा.) ते लाल झाकण तू दाराशी उताणं ठेवून त्यात किल्ल्या टाकतेस हे मी गेल्या खेपेला पाहिलं. छान दिसतं. माझ्याकडे मशीन, तुझ्याकडे तिची टोपी, म्हणजे वाटणी कशी अगदी न्यायाची झाली. कर्कशा उघड्या डोक्याची राहू नये म्हणून मी आमच्या साखरेच्या डब्याचं झाकण तारेने तिच्यावर बांधलं. तेव्हापासून आमच्या साखरेला मुंग्या आहेत आणि तुझ्या भावजयीच्या बोलण्याला धार आहे.

आता मुख्य गोष्ट. मागच्या अंगणातलं निलगिरीचं झाड वाळलं, आणि वाळलं ते वाळलं, न्हाणीघराच्या पत्र्यावर कललं. जोराचा वारा सुटला की पत्र्यावर असं काही खरवडतं की आत आंघोळ करणारा माणूस साबणासकट बाहेर येतो. ही म्हणाली, कोणाला तरी बोलवा. मी म्हटलं, कोणाला? ज्या घरातला माणूस गावभरची झाडं पाडायचा, त्या घराने झाड पाडायला बाहेरचा माणूस बोलवायचा? नानांची मशीन आहे, नानांचा मुलगा आहे. यावर हिने काय करावं? तिने सरळ तिच्या भावाला फोन केला. आणि माझा मेहुणा, तो तुला माहीतच आहे, त्याने बॅटरीवर चालणारी नवी करवत घेतली आहे. महिनाअखेरच्या रविवारी तो येणार, झाड पाडणार, आणि जाताना तुमचं ते धूड माझ्या गाडीत टाका भाऊजी, वाटेत भंगारवाल्याकडे उतरवून देतो, असं म्हणाला. धूड! मी त्याची ती बॅटरीची करवत ऐकली आहे. दाढीच्या मशीनला सर्दी झाल्यासारखा आवाज येतो. झाडाला कळायचंसुद्धा नाही की आपल्याला कोणी कापतंय. तेव्हा ठरलं ते असं: त्या रविवारच्या आत कर्कशा सुरू झाली तर झाड मी पाडणार आणि मशीन घरात राहणार, नाही झाली तर भंगारात. हे मी हिच्यासमोर, मेहुण्यासमोर आणि शेजाऱ्यासमोर छातीठोकपणे कबूल केलं आहे. शेजारी मध्ये कुठून आला ते विचारू नकोस, तो कुंपणापलीकडे नेहमी असतोच.

मशीनला म्हणशील तर फारसं काही झालेलं नव्हतं. फक्त पेट्रोलची नळी वाळून वाटाण्याच्या शेंगेसारखी तडकली होती, कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा ताठ झाला होता, साखळी फिरवणाऱ्या चकतीचे दाते झिजले होते, साखळी गंजली होती आणि दोरी ओढली की परत आत जात नव्हती. बाकी उत्तम. मी बाजारात गेलो. अवजारांच्या पहिल्या दुकानात गल्ल्यावरच्या माणसाला कर्कशाची सगळी कुळकथा सांगितली, तिने कुठली कुठली झाडं पाडली ते सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, नमुना घेऊन या. म्हणजे जुना भाग सोडवून आणा, मग जुळवून देतो. दुसऱ्या दुकानात गेलो, तोही म्हणाला नमुना आणा. तिसऱ्यात तर तोंड उघडायच्या आधीच म्हणाला. घरी येऊन हिला सांगितलं, सगळे नमुना मागतायत, तर ही म्हणते, मग ते इतका वेळ कोणाशी बोलत होते?

पण मी काही लेचापेचा नाही. उभा जन्म शाळेत भूमिती शिकवली आहे, माणसाने पद्धतशीर काम करावं. मी विचार केला, यंत्र म्हटलं की त्याला नंबर असणारच. हिचा जुना टूथब्रश घेतला (तो जुना नव्हता असं नंतर कळलं) आणि मशीनच्या पोटाखालचं वर्षानुवर्षांचं तेल-भुश्याचं लुकण घासून काढलं. तर काय! धातूतच उठून आलेला स्वच्छ, ठसठशीत नंबर. ताई, मला इतका आनंद झाला की मी तो नंबर शेजाऱ्यालाही वाचून दाखवला. तो घेऊन पहिल्या दुकानात गेलो, त्याच्या तोंडावर नंबर मारला आणि त्या नंबरचं मागवा म्हटलं. त्यानेही मागवलं. आठवड्याने भलं मोठं खोकं आलं. उघडलं तर आत पाण्याच्या पंपाचं तोंड. सुंदर होतं, नाही असं नाही. पण कर्कशाला कुठूनही लागेना. मी उलटंसुलटं करून पाहिलं, शेवटी ही म्हणाली की आता पंपालाच करवत लावा.

मग झक मारत नमुन्याच्या रस्त्याला लागलो. एकेक भाग सोडवला आणि एकेका दुकानात नेला. आता बाजाराची रीत अशी की दुकानदार भाग हातात घेतो, दिव्याकडे धरून बघतो, फुंकर मारतो आणि म्हणतो, ठेवून जा, जुळवून बघतो. ठेवून जा म्हटल्यावर ठेवून यावंच लागतं. तर आजमितीस परिस्थिती अशी आहे की कार्ब्युरेटर मोटारसायकलवाल्याकडे बशीत पेट्रोलमध्ये पोहतोय, दात्यांची चकती बस थांब्यासमोरच्या दुकानात काचेखाली आहे, साखळी धार लावणाऱ्याच्या खुंटीला आहे, आणि साखळी जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी वेल्डरकडे, तिच्यावर तो चहाचे कप ठेवतो. मेहुण्याच्या करवतीची लांबी किती? हातभर. आपली कर्कशा सध्या मंडईपासून बस थांब्यापर्यंत आहे. गावात एवढी मोठी मशीन दुसऱ्या कोणाची असेल तर दाखव.

साखळीचा किस्सा मात्र सांगितलाच पाहिजे, कारण त्यात माझी काहीही चूक नव्हती. साखळीचं माप द्या म्हणाले. माप म्हणजे माझा प्रांत. शेजारशेजारच्या दोन रिव्हेटांमधलं अंतर मी कंपासपेटीतल्या डिव्हायडरने घेतलं आणि दशांश चिन्हासकट लिहून दिलं. नवी साखळी आली ती चकतीवर बसेना. मी म्हटलं, साखळी चुकीची आहे. धारवाला म्हणाला, माप चुकीचं आहे. मला! माप! त्याचं म्हणणं असं की लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजायचं आणि त्याचं निम्मं करायचं. मी विचारलं, मग सरळ दोनच मोजले तर काय बिघडतं? तर म्हणे एक अंतर लहान असतं आणि पुढचं मोठं. आता एका सरळ कामासाठी बनवलेल्या साखळीने अंतरं लहानमोठी ठेवावीत हे मला पटलेलं नाही, आणि मी त्याला तसं स्पष्ट सांगून आलो. (घरी येऊन पुन्हा मोजलं. ठेवतात खरी.)

आणि आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते ऐक. शेवटचं एक दुकान राहिलं होतं, नदीच्या रस्त्यावरचं, शेतीच्या यंत्रांचं. उरलेली कर्कशा, म्हणजे धड आणि साखरेच्या डब्याचं झाकण, पिशवीत घालून मी तिथे गेलो. दुकानदार चाळिशीच्या आतला, गोल चेहऱ्याचा, मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेला. मी सवयीने कुळकथा सुरू केली आणि तोंडातून कर्कशा हे नाव गेलं. त्याने मोबाइल खाली ठेवला. म्हणाला, कर्कशा? नानांची? आणि ताई, तो गडी गल्ल्यामागून उठून बाहेर आला. ते मोठं वादळ आठवतं ना, दवाखान्याच्या रस्त्यावर झाड आडवं झालं होतं आणि नाना भर पावसात गेले होते? त्या झाडाच्या अलीकडे एक गाडी अडकली होती आणि त्या गाडीत याची आई कळा देत होती. नानांनी वाट मोकळी केली म्हणून हा दवाखान्यात जन्मला, नाहीतर गाडीच्या मागच्या सीटवर जन्मला असता. त्याची आई अजून सांगते म्हणे, की आधी कर्कशाचा आवाज ऐकला आणि मग तुझा, आणि तुझाच जास्त कर्कश होता.

मी तिथे उभ्या उभ्या रडलो, ताई. लिहायला लाज कसली? एवढं दुकान, गिऱ्हाइकं उभी, आणि मी पिशवी छातीशी धरून रडतोय. आपल्याला नाना घरात दिसायचे ते चष्मा शोधताना आणि आईची समजूत काढताना. बाहेर त्यांच्या नावाने माणसं उठून उभी राहतात हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. घरी येईपर्यंत मी ताठ चालत आलो, गुडघ्यासकट.

तर हा पठ्ठ्या म्हणाला, काका, तुम्ही काळजीच करू नका. जुन्या मशीनचे भाग करणारे लोक त्याच्या माहितीतले आहेत, एका निरोपावर नळीपासून स्प्रिंगपर्यंत सगळं येईल, रविवारच्या आत येईल. पोटाखालचा नंबर दाखवल्यावर तो हसला (माणूस चांगला आहे, म्हणून मी सोडून दिलं). तो नंबर म्हणे ओतकामाच्या साच्याचा, मशीनचा नव्हेच. मशीनचा खरा नंबर वेगळा असतो आणि तो एका बारीक पत्र्यावर ठोकलेला असतो. तेवढा कळला की काम झालंच म्हणून समजा, म्हणाला. म्हणजे काम झालंच आहे. मेहुण्याला मी कळवून टाकलंय की येताना बॅटरी चार्ज करायची तसदी घेऊ नकोस, नुसता बघायला ये. ही हल्ली गप्प असते, म्हणजे हरली आहे. (वाचून म्हणते, मी गप्प आहे कारण साखर निवडतेय.)

पाठीला शेक घेत जा. घरातल्या सर्वांना आशीर्वाद आणि ज्यांना चालेल त्यांना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. तो बारीक पत्रा वरच्या झाकणावर असतो म्हणे. त्याने साखरेच्या डब्याच्या झाकणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की मूळ झाकण अत्यंत सुरक्षित ठिकाणी आहे. तेव्हा एकदा किल्ल्या काढ, झाकण पालथं कर आणि त्यावरचा नंबर बघ. वाटणीत मशीन मला आली आणि तिचं नाव-गाव तुझ्याकडे गेलं, हे तेव्हाच तुला माहीत होतं का? असेल तर सांगू नकोस.

ता. क. २. नंबर फोनवर सांगू नकोस, हसण्यात एखादा आकडा जायचा आणि पुन्हा पंप यायचा. फोटोही नको. या गावात नमुन्याशिवाय कोणी विश्वास ठेवत नाही. झाकण स्वतः घेऊन ये, आणि रविवारपर्यंत राहा. किल्ल्यांसाठी मी तुला पंपाचं तोंड देतो, छान खोलगट आहे. (ही म्हणते, या घरात एक नमुना आहे तो पुरे होता. पण तुझ्यासाठी खोली आवरायला तिने सकाळीच घेतली आहे.)

ता. क. ३. नाना चोक दुसऱ्या झटक्याला सोडायचे की तिसऱ्या, हे तुला आठवतं का ते सहज विचारतो. मला पाठ आहे. पण मशीनवर पाय देऊन तू उभी असायचीस, मी दारात कानांवर हात ठेवून, डोळे मिटून उभा असायचो. शिवाय दोरी ओढताना कोणीतरी "ऊठ गं बाई" म्हणावं लागतं, त्याशिवाय ती उठत नाही. मी म्हणून पाहिलं, जमत नाही. तुझा आवाज नानांवर गेलाय असं सगळे म्हणतात. मी आजवर कर्कशावर गेलाय असंच सांगत आलोय. दोन्ही खरं असेल, तर पहिल्याच झटक्याला उठेल.