भगवंताच्या खटल्यातली साक्ष

अमरावती,
९ मार्च १९४१

चि. सौ. रुख्मीस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही सारे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. माय उठते, न्हाते, दोन घास खाते. भातकुलीची तूर घरात आली. खुशालरावांची धारणीहून बदली व्हायची होती, तिचं काय झालं ते कळव. त्या जंगलात तुला आणखी एक पावसाळा काढावा लागू नये.

माझ्याकडची बातमी अशी की विद्यापीठाने जुलैपासून गुन्हेशास्त्राचा वेगळा वर्ग काढायचं ठरवलं आणि तो मला दिला. आजवर नागपूरला कायद्याच्या पोरांना आठवड्यातून एक तास शिकवायचो आणि सुट्टीत अकोल्याच्या तुरुंगात कैद्यांजवळ बसून त्यांच्या हकिकती ऐकायचो. तू हसायचीस, "दादा, चोरायच्या सोयरिकी जुळवून राहिला का?" आता तेच माझं पूर्ण वेळेचं काम. मी होकार कळवला आहे.

निकालाचं विचारलंस. सांगतो. आधी साक्षीचं सांगू दे.

तू लिहिलं होतंस, "तू या विषयातला मोठा मानूस. भगवंता तापात भ्रमला होता असं तू म्हटलं त जज ऐकीन. कौशल्या वयनी काही वापस येत नाई, आपला भाऊ तरी वाचव." त्याचे वकीलही हेच म्हणत होते. खोटं कशाला बोलू, मलाही हेच हवं होतं. त्या महिन्यात त्याला ताप आला होता, हे गावाला ठाऊक होतं. तेवढ्यावर बरंच उभं करता येतं. परक्यांसाठी मी ते वर्गात कितीदा केलं आहे. कोणाचा बाप मारायचा, कोणी उपाशी वाढला, कोणाला दारूने खाल्लं. प्रत्येकाच्या मागे काहीतरी सापडायचंच.

म्हणून त्याला तुरुंगात भेटलो. म्हटलं, "भगवंता, त्या दिवशी ताप होता ना?"

"ताप उतरला होता, दादा."

"मग डोकं फिरलं होतं?"

तो म्हणाला, "ती माहेरून आली त हासत होती. मले वाटलं, दुसऱ्या कोनासाठी हासून राहिली. मी वावरातून आलो होतो, तिनं मले पानी देल्लं. मी पेलो. मंग कुऱ्हाड घेतली. मले समदं कयत होतं."

रुख्मे, आपण तिघं एका ताटात जेवलो. बाबांनी त्याच्यावर कधी हात उगारला नाही. मी त्या खोलीत बसून त्याच्यासाठी कारण शोधत होतो, आणि मला एकही सापडलं नाही.

तरीही मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलो तो त्याला वाचवायलाच. वकिलांनी विचारलं ते ते नीट सांगितलं. तापात भ्रम होतो, माणसाला भान राहत नाही, सगळं. मग सरकारी वकील उठले. वामनराव त्यांचं नाव, माझेच जुने विद्यार्थी. आवाज न चढवता म्हणाले, "सर, ज्यानं विहिरीवर कुऱ्हाड धुतली, रक्ताचं धोतर जाळलं आणि शेजाऱ्यांना चोर आले होते म्हणून सांगितलं, त्याला आपण काय केलं हे कळत नव्हतं, असं तुमचं शास्त्र म्हणतं?"

उत्तर तयार होतं. भान जातं, परत येतं, पुन्हा जातं, असं म्हणायचं होतं. समोरच्या बाकावर कौशल्याची आई मैनाबाई बसली होती. बाजारातून तशीच आलेली, मेथीची पाटी पायाशी. ती रडत नव्हती. मी काय बोलतो ते ऐकायला नुसती पुढे वाकली होती.

"नाही," मी म्हणालो.

"म्हणजे त्याला कळत होतं?"

"कळत होतं."

भगवंताने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी हे सत्यासाठी केलं असं तुला सांगणार नाही. ती बाई तिथे नसती तर मी खोटं बोललो असतो.

त्याला फाशीची शिक्षा झाली. हे लिहायचं टाळत इथवर आलो. हायकोर्टाने कायम केल्याशिवाय फाशी होत नाही. वकील अपील करताहेत, जन्मठेपेवर येईल अशी आशा दाखवतात. माझी साक्ष मात्र आता त्या कागदांत आहे. माय माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पुढे सरकवते आणि आत जाते.

तुझ्या सांगण्याप्रमाणे भगवंताच्या पोरीसाठी, शालूसाठी, मैनाबाईकडे गेलो होतो. म्हटलं, रुख्मी तिला पोटच्या पोरीसारखं वाढवेल. मैनाबाईने मला बसायला पाट दिला. म्हणाली, "तुमी खरं बोलले, त्याची मले जाण हाय. पन माही लेक तुमच्या घरात देली होती मी. नात नाई देत." पोर तिच्या पदराआडून मला पाहत होती. मला तिने ओळखलं नाही. मी उठून आलो. तू आता तो विषय काढू नकोस.

काल तुरुंगावर गेलो. शिपाई आत जाऊन आला आणि म्हणाला, "तो तुमाले भेटत नाई म्हनते. बहिनीले बोलवा म्हनते."

तेव्हा तू ये. परतवाड्याहून मोटार मिळेल, मी उतरवून घ्यायला येतो. फाटकापर्यंत सोडीन, आत तू एकटीच जा. दादा असं काहून बोलला, हे तो तुला विचारेल. त्याला काय सांगायचं ते तू ठरव. मला दोष दिल्याने त्याचं मन हलकं होणार असेल तर खुशाल दे. मी बाहेर उभा असेन.

तुझा आणि भगवंताचाही भाऊ,
शेषराव