दोन्ही संघांकडून धावणाऱ्याला

ताम्पेरे, ऑगस्ट १९३७

प्रिय ताइस्तो,

‘प्रिय’ लिहिल्याशिवाय पत्र सुरू होत नाही, म्हणून लिहिलं. त्यात फार काही शोधू नकोस.

तुझा अर्ज क्लबला मिळाला. आम्ही तुला परत घ्यावं, आणि हेलसिंकीतल्या तुझ्या साहेबी क्लबातूनही धावू द्यावं! वर लिहितोस, ‘पायांना पक्ष नसतो.’ पायांना नसेल. पण त्या पायांवर जो उभा आहे त्याला बाप होता की नाही?

अठरा साली फिनलंडमधली यादवी संपली, साहेब लोक जिंकले आणि आपण कामगार हरलो, तेव्हा तू लहान होतास. मला मात्र सगळं आठवतं. बाबांना गिरणीच्या फाटकातून धरून नेलं आणि तारेच्या कुंपणात कोंडलं. आई भाकरी घेऊन गेली, तर पहारेकरी म्हणाला, “उद्या ये बाई.” दुसऱ्या दिवशी गेली तेव्हा भाकरी घ्यायला बाबा नव्हते. त्याच पहारेकऱ्यांनी पुढे खेळाचे क्लब काढले, त्या क्लबांचा देशभरचा संघ काढला, आणि आपल्या माणसांना हाकलून दिलं. म्हणून आपण कामगारांचा वेगळा संघ उभारला. त्या वेळी कुणाला वाटलं नव्हतं की पायांना पक्ष नसतो.

तुला धावायला शिकवलं ते नेस्तोरीकाकांनी. दिवसभर सूतखात्यात उभं राहून संध्याकाळी ते तुझ्यामागे सायकल हाकायचे आणि ओरडायचे, “पाठीमागे काय बघतोस, पोरी बघताहेत का?” तुझे खिळ्यांचे बूट आले ते आम्ही बायकांनी सभागृहात कॉफी विकून. आणि त्याच बुटांनी तू गेलास. तिकडच्या संघाने विमा कंपनीत खुर्ची दिली, स्टॉकहोमला नेलं. आपला संघ तुला स्टॉकहोमला नेऊ शकत नव्हता, हे मला ठाऊक आहे. मोठ्या स्पर्धांचं दार त्यांच्याच ताब्यात आहे. पण म्हणूनच तर एकानेही त्या दारातून एकट्याने जायचं नव्हतं! चांगला धावणारा दिसला की त्यांनी उचलायचा, आणि आमच्या वाट्याला गुडघे दुखणारे ठेवायचे. असा संघ किती दिवस टिकेल, सांग.

पेपरात तुझा फोटो आला होता. गणवेशातल्या एका अधिकाऱ्याशी हात मिळवताना. मी तो चुलीत घालणार होते. आईने माझ्या हातातून ओढून घेतला आणि म्हणाली, “डोळे मिटलेत बघ त्याने. ऊन लागत असेल.” तेवढंच बोलली. त्यानंतर या घरात तुझं नाव मी काढलं नाही, आणि माझ्यासमोर तिनेही.

परवा सभा झाली. मी उठून तुझ्याविरुद्ध बोलले, आणि चांगली बोलले. तिकडच्या संघातून धावणाऱ्याला आपल्यात जागा नाही, हा नियम वाचून दाखवला. म्हटलं, उद्या दुसरा जाईल, परवा तिसरा, मग या सभागृहाला कुलूप लावा. नेस्तोरीकाका मान खाली घालून पाइप कोरत बसले होते. कुणीतरी मागून म्हणालं, “साइमा, भाऊ आहे तुझा.” मी म्हटलं, “म्हणूनच.”

तेवढ्यात आई उठली. तुला माहीत आहे, ती सभेत कॉफी देण्यापलीकडे कधी काही करत नाही. हातात किटली तशीच. म्हणाली, “माझ्या नवऱ्याला त्या फाटकात एकच प्रश्न विचारला होता. तू कुणाचा? त्याने खरं सांगितलं आणि मेला. आता तुम्ही माझ्या मुलाला तेच विचारताय. तो पळतो. पळू द्या. तिकडे पळू द्या, इकडेही पळू द्या. आणि त्या लोकांनी अडवलं तर मी त्यांच्या सभेत जाऊनही हेच सांगेन.”

“तुमच्या हातची कॉफी त्यांना आवडायची नाही, आजी,” कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मी नाही हसले.

मग नेस्तोरीकाकांनी हात वर करायला सांगितलं. मोजायची गरजच पडली नाही. माझे हात मांडीवर होते.

माझं मत बदललेलं नाही. आई बोलली ते बाबांच्या दुःखातून बोलली, आणि तू त्याचा फायदा घेतो आहेस असं मला आजही वाटतं. तुझ्या तोंडावर सांगायचं म्हणून इतकं सगळं लिहिलं.

पण मी क्लबची सेक्रेटरी आहे, आणि सभेचा निर्णय कळवणं माझं काम आहे. तर कळवते: तुला परत घेतलं आहे. हेलसिंकीचा क्लब सोडण्याची अट नाही. आपल्या संघातली वरची माणसं काय म्हणायचं ते म्हणोत, सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी तळ्याभोवतीच्या शर्यतीत तुझं नाव आहे. स्टेशनवर आई येईल. तिला आता लांबचं नीट दिसत नाही, तेव्हा तूच हाक मार. शर्यतीच्या शेवटी वेळ घ्यायला मी उभी असेन. भिऊ नकोस, तुझा एक क्षणही इकडचा तिकडे करणार नाही. फक्त टाळ्यांची वाट पाहू नकोस. एका हातात घड्याळ असेल, दुसऱ्या हाताने आईला धरलेलं असेल.

तुझीच बहीण,
साइमा