भांडणाचा शनिवार

प्रिय सुदर्शन,

या आठवड्याचं वाचन पाठवते आहे. पूर्वी हे काम तुझं होतं. दर शनिवारी नेटवरचे चार-पाच लेख निवडून पाठवायचास, त्यांत एक मुद्दाम मला संताप येईल असा. मी तणतणत फोन केला की आधी पोटभर हसायचास आणि मग भांडायला बसायचास. पक्षाघाताचा तो झटका आल्यापासून तुला वाचता येत नाही, तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून निवडायचं काम मी घेतलंय. मी कागदावर लिहायचं, तुझ्या बायकोनं, जयाताईंनी, तुझ्या उशाशी बसून वाचायचं. कात्रजला येऊन मीच वाचलं असतं, पण तुझ्यासमोर बसलं की मला रडू आवरत नाही, आणि मग जयाताईंना आपल्या दोघांना सांभाळावं लागतं.

तर पहिला लेख राजकारणाचा. लेखक म्हणतो, शहराला नगरसेवक हवेतच कशाला? अधिकारी नेमा, कामं झटपट होतात. मला तर पटलं बाई. तू महापालिकेत उभी हयात घालवून सांगायचास, की नळाला पाणी आलं नाही तर बाईला ज्याच्या दारात जाऊन भांडता येईल असा एक तरी माणूस हवा. भाबडेपणा होता तुझा.

दुसरा लेख नाटकांवर. लोकांना वेळ नाही, तेव्हा तीन अंकी नाटकं कापून अर्ध्या तासाची करा म्हणे. करा की! तिसऱ्या घंटेनंतर आत शिरणाऱ्यांकडे बघायचास, तसं बघू नकोस माझ्याकडे. आमोद, माझा भाचा, म्हणतो, मावशी, एवढं वाचत कशाला बसतेस, फोन सारांश काढून देतो. त्याला म्हटलं, सारांशाशी भांडता येत नाही रे. तो हसला आणि क्लासला गेला.

तिसरा लेख चौदा एप्रिलच्या पुस्तकांच्या स्टॉलांवर. लेखिका म्हणते, पुस्तकं खपतात खरी, पण वाचतं कोण? बरोबरच आहे तिचं. तुझ्या आईचंच घे. मार्केट यार्डात कांदे निवडायच्या, अक्षरओळख नाही, तरी दर वर्षी एक पुस्तक घ्यायच्याच. काय उपयोग झाला त्यांना त्या पुस्तकांचा?

जयाताई, इथे थांबा. त्याच्याकडे नीट बघा. शिवी आली, नुसतं ‘हट्’ म्हणाला, तरच पुढचं मोठ्यानं वाचा. नाहीतर कागद घडी करून ठेवून द्या.

सुदर्शन, म्हणजे तू बोललास. बोललास रे! आता ऐक, वरचं सगळं मी खोटं लिहिलंय. त्या पुस्तकांतलं पान न् पान तू आईंना वाचून दाखवायचास, हे मला माहीत नाही का? ते वाक्य लिहायला माझा हात उठत नव्हता. पण डॉक्टर म्हणाले, त्यांच्या आवडीचं काही ऐकवत राहा, आणि तुला माझ्याशी भांडण्याइतकं दुसरं काय आवडतं? मला मूर्ख म्हण, पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हण, काहीही म्हण. मागच्या प्रत्येक पत्राचा शेवट असाच होता. त्यातला एकही तू अजून ऐकलेला नाहीस.

भांडायला आसुसलेली, तुझीच
नीरजा