पॉलिनॉमियल दुसऱ्यांदा छापताना

२ जून
नेवाशाच्या कॉलेजात पाच वर्षं तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवतोय. आता कायम जागा निघाली. १६ तारखेला डेमो लेक्चर. जागा माझीच. विषय मुद्दाम अवघड घेतला: लिंक्ड लिस्टमध्ये, म्हणजे एकामागं एक जोडलेल्या कप्प्यांत, पॉलिनॉमियल (बहुपदी) साठवणे व पडद्यावर छापणे. उद्यापासून पहाटे पाचला उठून सराव.

४ जून, सकाळी ९
आत्ता उठलो. सरावाची गरज आहे का, हाही प्रश्नच आहे. उदाहरण मात्र फक्कड सुचलं. उसाचा ट्रॅक्टर. पहिल्या ट्रॉलीत 5x², मागच्या ट्रॉलीत 3x, तिच्यामागं 2. बायकोला ऐकवलं. सुरेखा म्हणाली, ट्रॉल्या लई झाल्या, आता दळण आणा.

९ जून
राजनंदिनीनंही अर्ज केलाय म्हणे. माझीच विद्यार्थिनी. बिचारी. निवड झाली नाही तर धीर देईन.

१३ जून
पहिल्यांदाच प्रोग्रॅम लिहून चालवला. 5x² + 3x + 2 + असं आलं. शेवटचं अधिक काही केल्या जाईना. लॅबचे कॉम्प्युटरच भंगार. सुरेखा म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. दोन तासांनी अधिक गेलं. कसं गेलं कळलं नाही. आता कशालाही हात लावायचा नाही.

१६ जून, दुपारी २
आउटपुट अगदी बरोबर आलं. पॅनेलवरचे बाहेरचे सर म्हणाले, छान, आता तीच लिस्ट परत एकदा छापा. परत? आमच्याकडे प्रॅक्टिकलला एकदाच छापतात, जर्नलमध्ये उतरवतात, मी सही करतो. दोनदा कुणी छापलंच नाही. प्रोग्रॅमच्या खाली छापायची आज्ञा पुन्हा लिहिली. पहिली ओळ आली, दुसरी कोरी. पुन्हा चालवलं. कोरीच. लाइटचा काहीतरी घोळ दिसतोय, म्हणालो. पंखा फुल चालू होता. सर म्हणाले, बसा.

१८ जून
राजनंदिनीची निवड. जेवलो नाही.

१ जुलै
तासिका तत्त्वावर पुन्हा घेतलंय. अनुभवाला किंमत असतेच. लॅब राजनंदिनी मॅडमकडे, मी मदतीला. त्या हळूच म्हणाल्या, सर, छापताना तुम्ही हेडच, म्हणजे पहिली ट्रॉली कुठंय हे दाखवणारा पॉइंटरच, पुढं नेत गेलात, म्हणून लिस्टची सुरुवातच हातातून गेली. हेड जागेवर ठेवून दुसरा पॉइंटर फिरवायचा.
मी म्हणालो, तेच तर.
घरी येऊन वहीत उतरवलं, चारदा वाचलं. काहीच कळलं नाही. पाच वर्षं हेच शिकवलं मी. मॅडमना विचारायची लाज वाटते, आणि कॉलेजात दुसऱ्या कुणाला हे येत नाही.