टक्कल पडलेला ब्रश

सासूबाई,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही गेलात तिथला पत्ता कुणाकडे नाही, म्हणून हे पत्र लिहून माझ्याच ड्रॉवरमध्ये ठेवतोय.

गॅरेज बंद पडलं आणि मी मोटरसायकलींचे जुने कार्ब्युरेटर तुमच्या ओट्यावर खोलायला लागलो. पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, "जावईबापू, चहाला पेट्रोलचा वास येतोय." रोज म्हणालात. पण ओटा सोडा, असं कधी म्हणाला नाहीत.

तो हट्टी कार्ब्युरेटर आठवतो? ज्यातून पेट्रोल येतं, त्या जेटचं बारीक भोक काही केल्या मोकळं होईना. तार घातली तर पितळ घासतं, भोक मोठं होतं आणि मग गाडी नुसतं पेट्रोल पिते. मी वैतागून म्हणालो, झालं, आता वॉचमनची नोकरी धरतो. तुम्ही आत गेलात आणि तुमच्या केसांच्या ब्रशमधला नायलॉनचा एक केस कापून आणलात.

"हा घालून बघा. माझ्या डोक्याला ओरखडत नाही, तुमच्या पितळेला काय ओरखडणार?"

गाडी पहिल्या किकला सुरू झाली.

मग ब्रश विरळच होत गेला. नवा आणतो म्हटलं, की तुमचं ठरलेलं, "माझे केस तरी कुठं राहिलेत?"

काल तुमचं कपाट आवरताना तुमच्या लेकीनं विचारलं, "आईचा हा ब्रश टाकून देऊ? अर्ध्याहून जास्त रिकामाच आहे."

मी तो तिच्या हातातून घेतला. म्हटलं, "राहू दे. अजून बऱ्याच गाड्या सुरू व्हायच्यात त्यातून."

तुमचा,
अजूनही ओटा अडवून बसलेला जावई